अक्कांचे तीन डबे

धुळ्यात राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी कामावरून परतले, तर माझी नवीकोरी इस्त्री जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर सुटी करून ठेवलेली. तळाची पाटी एकीकडे, दांडा एकीकडे, स्क्रू वाटीत. शेजारी घरमालकीणबाई चष्मा कपाळावर ढकलून बसलेल्या. त्या घरात कुठल्याच खोलीला बाहेरून कुलूप लावायचं नाही, हा नियम मला सकाळीच सांगितला होता. त्याचा अर्थ असा असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काय विकलंय ते बघत होते.”

“आणि काय विकलंय?” मी दारातूनच विचारलं.

“इस्त्री बरी आहे. वायर हलकी दिलीय. बासष्ट मार्क.”

अर्ध्या तासात इस्त्री पुन्हा जोडून माझ्या खोलीत आली. तिच्या पोटावर खडूनं ६२ लिहिलेलं होतं. मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथंच होतं.

त्यांना सगळे अक्का म्हणायचे. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. वडिलांचं जिनिंग होतं. जिनिंग गेलं, कापसाचं गोदाम उरलं. त्याच गोदामात आडव्या-उभ्या भिंती घालून अक्कांनी नोकरी करणाऱ्या आणि शिकणाऱ्या बायकांसाठी खोल्या काढल्या होत्या. मी मूळची जळगावची, बदलीवर आलेली. पंचेचाळिशीच्या बाईला वसतिगृहात कसं जमणार, असं घरच्यांना वाटत होतं. मला जमलं. दोन महिन्यांत पाण्याचा टँकर, गॅसचे नंबर आणि झाडलोटीच्या पाळ्या माझ्या यादीवर आल्या, कारण दुसरं कुणी यादी करत नव्हतं. अक्का ती यादी परीक्षेच्या पेपरसारखी हातात धरून वाचायच्या आणि म्हणायच्या, “सगळं आहे. यात विचार करायची वेळ कुठं धरलीय?”

मार्क सगळ्या वस्तूंना होते. मिक्सरला एक्काहत्तर. जिन्यातल्या पंख्याला पस्तीस आणि पुढे बारीक अक्षरात ‘काठावर’. गिझरला नापास करून त्याच्या जागी त्यांनी गच्चीवर काळ्या रंगाची टाकी बसवली होती. तिला शंभर होते, कारण ‘तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही’. माणसांना मात्र त्या मार्क देत नसत. एकदा स्वयंपाकाच्या शांतामावशींनी विचारलं, “अक्का, माले किती?” अक्का म्हणाल्या, “माणसाचा पेपर अजून चालू असतो. मधेच कसा तपासायचा?”

बाकी त्यांचं एकच म्हणणं होतं आणि ते त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. जी वस्तू आपल्या घरात चालते, ती आपल्याला उघडता आली पाहिजे. जी उघडता येत नाही, ती आपल्या घरी पाहुणी आहे.

आता त्या तीन डब्यांकडे येते.

गोदामाच्या भिंती अशा जाड, की या खोलीतल्या भांडणाचा त्या खोलीत पत्ता लागायचा नाही. एका राउटरनं तिथं काही भागत नव्हतं. म्हणून अक्कांच्या भाचीनं काही वर्षांपूर्वी जाळ्याचे राउटर आणून दिले होते. तीन पांढरे डबे, एकमेकांशी बोलत नेट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचवणारे. एक नंबर पुढच्या खोलीत, जिथं बाहेरची तार येते. दोन नंबर लांब बोळात. तीन नंबर मागच्या बाजूला, जिथं पूर्वी जिनिंगची तिजोरी असायची त्या खोलीच्या बाहेर. अक्कांनी त्यांना अनुक्रमे सत्तर, पासष्ट आणि अठ्ठावन्न मार्क दिले होते.

पहिल्या उन्हाळ्यात तीन नंबर तापून बंद पडायला लागला. धुळ्याचा मे महिना, माणसं कूलरसमोरून उठत नव्हती, तिथं डब्याचं काय. मी यादीत लिहिलं, ‘तीन नंबरसाठी छोटा पंखा’. संध्याकाळी परतले तर डबा माठात. एका मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात राउटर, आणि मडक्याच्या तोंडातून वायर वर आलेली. मी बघतच राहिले.

“हात लावून बघा,” अक्का म्हणाल्या. “गार आहे.”

“नेट येतंय का पण?”

अक्कांनी माठावर खडूनं आधीच लिहून ठेवलं होतं. थंडी ९०, रेंज २०, एकूण नापास. मग त्यांनी स्वतःच तो बाहेर काढला.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात डब्यांच्या कंपनीचा संदेश आला. हे मॉडेल जुनं झालं, याला यापुढे सेवा मिळणार नाही, डबे चालवायचं मोबाइलवरचं अॅपही बंद होईल, नवीन घ्यावेत. अक्कांनी तो संदेश जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचला, दोनदा. मग आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, “मेलं नाही, आजारी नाही, आणि हे तेरावं घालून मोकळे झाले.”

मी म्हटलं, “अक्का, नवीन घेऊन टाकू. मी चौकशी करते.”

“आणि हे?”

“हे भंगारात.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पोळीचा घास तसाच धरून बसले.

त्यानंतर काही आठवडे अक्का कागद छापून आणत होत्या. जुन्या राउटरमध्ये कंपनीचं आतलं चालकतंत्र पुसून त्या जागी मोकळं तंत्र घालता येतं. ते जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं असतं, कुणालाही वाचता येतं, बदलता येतं, आणि ते चालायला कंपनीची परवानगी लागत नाही. फर्मवेअर हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. इंग्रजी सूचनांची ती पानं त्यांनी लाल पेनानं तपासली होती. समासात जागोजागी ‘का?’ आणि ‘हे आधी सांगायला हवं होतं’ असं लिहिलेलं. एका ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. काम चालू असताना वीज जाता कामा नये, गेली तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो.

मला हे सगळं पटत नव्हतं. चालतंय तोवर हात लावू नये, अशी माझी पद्धत. पण नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी विजेचा दाब खालीवर झाला, तिन्ही डबे बंद होऊन पुन्हा लागले आणि एकमेकांना विसरले. त्यांची ओळख करून द्यायची तर अॅप हवं, आणि अॅप उघडेना. पुढच्या खोलीत नेट होतं. मागे काहीच नव्हतं.

मागे, तिजोरीच्या खोलीत, नाझिया राहायची.

नाझिया रावेरची. वडील केळीच्या पॅकिंगवर मुकादम. तिला घरी बसून एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी लागली होती, पण रावेरच्या दोन खोल्यांत सात माणसं, तिथं ते जमणारं नव्हतं. वडिलांनी मोठ्या मनानं धुळ्याला पाठवलं, मात्र एका बोलीवर. नोकरी पक्की झाली तर राहायचं, नाही झाली तर परत यायचं आणि मामाच्या घरून आलेल्या स्थळाला हो म्हणायचं. तिनं हे आम्हाला एकदा वाटाणे सोलताना सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही. वडिलांवर तिचा जीव होता. तिला लग्नही करायचं होतं, फक्त असं नाही.

कंपनीचे नियम कडक. खोलीत दुसरं कुणी नको. खोलीचे, टेबलाचे आणि पाठीमागच्या भिंतीचे फोटो मागवून त्यांनी तीच जागा मंजूर केलेली. बसायची जागा बदलायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. आणि नेटमुळे तिचं काम आधीच दोनदा खंडित झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर नाव कमी, असं तिला कळवलेलं. नवमीच्या दुपारी चारला तिची शेवटची पारख होती. साहेब कॅमेऱ्यावर बसून तिचं काम बघणार आणि पक्की करायची की नाही ते ठरवणार.

अष्टमीच्या संध्याकाळी ती अक्कांसमोर येऊन नुसती उभी राहिली.

“उद्या दुपारपर्यंत नेट तुझ्या टेबलावर असेल,” अक्का म्हणाल्या. “झोप जा.”

नवमीला उजाडताच अक्का लॅपटॉप आणि तीन डबे घेऊन बसल्या. एक नंबर व्यवस्थित झाला. दोन नंबर झाला. अक्कांनी त्याचे पासष्ट पुसून ऐंशी केले. मी मान्य करते, मला नवल वाटलं. कंपनीनं मेलेला ठरवलेला डबा आता अक्कांचं ऐकत होता आणि त्याच्या आतली प्रत्येक गोष्ट पडद्यावर दिसत होती. दोघांची ओळखही करून झाली. उरला तीन नंबर. अक्कांनी फाइल पाठवली, डब्याचा दिवा लुकलुकायला लागला. त्यांनी पाटीवर ‘हात लावू नये’ असं लिहून ती डब्याला टेकवून ठेवली.

तेवढ्यात आतून शांतामावशींची हाक आली. “अक्का, टाइम व्हई गया, या ना.”

त्या दिवशी खंडेनवमी. जिनिंगच्या काळापासून त्या घरात यंत्रांची आणि हत्यारांची पूजा व्हायची. मागच्या ओसरीत चौरंगावर सगळं मांडलेलं, पुसलेलं, हळदीकुंकू लावलेलं. शिलाई मशीन, मिक्सर, स्क्रूड्रायव्हर, कात्री, अक्कांचं लाल पेन, आणि गोदामातली त्यांच्या वडिलांची जुनी पहार. वडिलांची पद्धत अशी, की आरतीच्या आधी मालकानं मुख्य खटका खाली ओढायचा. गिरणीतलं सगळं एका क्षणी थांबायचं. वर्षभर राबलेल्यांना एक दिवस सुट्टी. वडील गेल्यापासून दर खंडेनवमीला तो खटका अक्काच ओढत आल्या होत्या.

त्या ताट घेऊन ओसरीत आल्या, निरांजन लावलं, भिंतीकडे वळल्या आणि त्यांनी खटका खाली ओढला.

पंखे मंदावले. फ्रिजचा आवाज थांबला. कुठेतरी एक मुलगी म्हणाली, “लाइट गेली.”

अक्कांचा हात खटक्यावरच होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं, त्यांना कळलंय. इतके महिने त्या बाईच्या चेहऱ्यावर मी राग बघितला होता, कुतूहल बघितलं होतं. धक्का बसलेला मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी स्वतःच रेघ मारलेली ओळ, स्वतःच ठेवलेली पाटी, आणि स्वतःचाच हात.

“तीन नंबर,” त्या म्हणाल्या. एवढंच.

खटका वर केला. तीन नंबरचा दिवा लाल लागला आणि लालच राहिला. अक्कांनी कागदात दिलेले उपाय केले. मागच्या भोकात केसातली पिन दाबून धरली, तार थेट लॅपटॉपला जोडली, फाइल पुन्हा पाठवली. डबा काही बोलेना. शेवटी त्यांनी खडू घेतला, डब्याशेजारच्या पाटीवरचं पुसलं आणि मोठं शून्य काढलं.

“डब्याला?” मी विचारलं.

“डब्याचा काय संबंध? मला.”

मग मी यादी काढली. संकटात मला दुसरं काही सुचत नाही. पहिला मुद्दा, दोन नंबर उचलून नाझियाच्या खोलीत ठेवू. ठेवला. त्या जाड भिंतीआड त्याला एक नंबर सापडेना. दुसरा, अंगणातून, खिडकीत ठेवू. पत्र्याच्या शेडखाली नेट यायचं आणि जायचं. तिसरा, नाझियाच्या मोबाइलवरून चालवू. तिजोरीच्या खोलीत मोबाइलला कधीच रेंज नव्हती. चौथा, लांब तार आणून अंगणातून फिरवू. नेहमीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “ताई, एवढी लांब तार जळगावहून मागवावी लागेल. परवा मिळेल.”

अक्का ही सगळी खटपट बोळातल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती. भिंतीच्या अलीकडे दोन नंबर, पलीकडे नाझियाचं टेबल. खोलीचं दार मागच्या अंगणात, मधे फक्त भिंत.

त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा तो नवरा.

“अक्का, आज कसं येणार?” तो म्हणाला. “थापी-ओळंबा देवापुढं मांडलाय. उद्या दसऱ्याची पूजा झाली की सकाळीच येतो.”

“बरोबर आहे तुझं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. उठल्या, ओसरीत गेल्या आणि चौरंगावरची पहार उचलली. फुलं खाली पडली.

शांतामावशी आडव्या आल्या. “अक्का, आज त्यासले सुट्टी शे.”

“सुट्टी मी दिली होती. मीच रद्द करते.”

मला वाटलं, त्या पहार घेऊन काहीतरी उचकटणार असतील, एखादी फळी वगैरे. त्यांनी भिंतीवर खडूनं चौकोन आखला, पदर खोचला आणि पहिला घाव घातला. पलीकडून नाझिया धावत आली. “अक्का, क्या कर रहे आप? रहने दो, मी घरी सांगते, रहने दो.”

“टेबल झाक,” अक्का म्हणाल्या. “धूळ पडेल.”

शांतामावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “हाई भिंत शे अक्का, वांगं नही.”

गिलावा सुटला, आत भाजक्या विटा आणि सांध्यांत माती लागली. अक्कांचा दम लागला तेव्हा मी पहार घेतली. का घेतली, मला आजही नीट सांगता येणार नाही. भाड्याच्या घराची भिंत मी फोडत होते, तीही सणाच्या दिवशी, घरमालकिणीच्या देखत, आणि ती मला सांगत होती, “डावीकडून मारा, तिथं वीट सैल आहे.” मग इतर मुली आल्या. पाळ्या लागल्या. बोळ लाल धुळीनं भरला. “बठ्ठी भाजीमा धूळ पडनी,” असं मावशी ओरडून सांगत राहिल्या आणि विटा टोपलीत भरत राहिल्या. शेवटची वीट पलीकडे ढासळली तेव्हा त्या भोकातून आम्हाला नाझियाचं टेबल, तिचा घड्याळाकडे बघणारा चेहरा आणि उशीवर ठेवलेला लॅपटॉप दिसला.

अक्कांनी दोन नंबर त्या भोकातच, मधोमध, एका विटेवर ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं, पडलेल्या फुलांतलं एक झेंडूचं फूल वाहिलं. नाझियाच्या लॅपटॉपवर नेट आलं. पूर्ण.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की ही तिच्या पाठीमागची भिंत होती. फोटोत मंजूर झालेली.

चार वाजायला आले होते. मी भोकातून हळूच म्हटलं, “विचारलंच तर सांग, खिडकीचं काम काढलंय.” नाझियानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

भोकातून नेट जात होतं तसा आमचा आवाजही जाणार होता. अक्कांनी बोटानं खूण केली आणि अख्खं घर गप्प झालं. मिक्सर बंद, टीव्ही बंद, शांतामावशी परातीसमोर हात जोडल्यासारख्या बसलेल्या. अक्का भोकाशेजारी खुर्ची टाकून बसल्या, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा. पलीकडून नाझियाचा आवाज येत होता, शांत, मराठीत आणि हिंदीत, एकामागून एक माणसांची गाऱ्हाणी ऐकणारा. मग लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला.

“नाझिया, तुमच्या मागची भिंत मंजूर फोटोत अशी नव्हती.”

“काय आहे ते?”

“सर, सकाळी इथं नेट नव्हतं,” नाझिया म्हणाली. “मी ज्यांच्या घरी राहते, त्या अक्कांनी भिंत फोडली.”

मी डोळे मिटले. झालं, असं मनात आलं.

“भिंत फोडली?”

“हो सर. पहारीनं.”

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अक्का उठल्या होत्या. मी हात धरायच्या आत त्यांनी राउटरच्या शेजारून भोकात डोकं घातलं. केसांत धूळ, कपाळावर धूळ.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “राउटर मी बंद पाडला. मुलीची काही चूक नाही. काही विचारायचं असेल तर मला विचारा.”

कुणाहीसमोर ‘मी चुकले’ अशा अर्थाचं काही बोलताना मी त्या बाईला त्या दिवसाआधी ऐकलं नव्हतं. त्या कधी चुकतात असं आम्हालाही वाटत नव्हतं.

“नाही मॅडम,” साहेबांचा आवाज आला, जरा चाचरत. “तुम्ही... बाजूला व्हा फक्त. आणि तिथं पडदा लावता येईल का? पातळ चालेल. नाझिया, लाइनवर ग्राहक थांबलेत. घ्या पुढचा कॉल.”

अक्का आपल्या खोलीत गेल्या आणि दसऱ्याला नेसायची नवी साडी घेऊन आल्या. मोतिया रंगाची, दुकानाचं लेबल तसंच. मी आणि त्यांनी ती दुहेरी न करता एकेरीच भोकावर ताणली आणि वरती दोन खिळे मारले. हातोडीऐवजी वीट वापरली, कापडात गुंडाळून, आवाज होऊ नये म्हणून.

पाळी संपली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. नाझिया बोळात आली. तिच्या ओढणीवर अजून लाल धूळ होती. ती अक्कांकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला खात्रीनं वाटलं की तिला काढलं.

“बोल ना,” मी म्हटलं.

“पक्की केली,” ती म्हणाली. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत असावी, अशी. मग खाली विटांच्या टोपलीवर बसली आणि तिनं रावेरला फोन लावला. वडिलांचा आवाज मोठा, फोन कानाला असूनही आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पक्की झाल्याचं त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का, आणि जिथं राहतेस ते घर ठीक आहे ना.

नाझियानं पुढ्यातल्या भिंतीकडे बघितलं. साडी वाऱ्यानं फुगली होती, मागे राउटरचा हिरवा दिवा दिसत होता, आणि शेजारी अक्का हाताला लागलेलं रक्त पदरानं पुसत बसल्या होत्या.

“हाँ अब्बा,” ती म्हणाली, “घर हवादार है.”